बैलाच्या नावावर घातलेलं दुखणं

गेवराईहून चकलांब्याकडं यायला लागलं की रस्त्याच्या कडेची एक भिंत मोकळी दिसायची नाही. 'मूळव्याध, भगंदर, विना ऑपरेशन, खात्रीशीर इलाज.' शाळेच्या भिंतीवर तेच, सोसायटीच्या गोदामावर तेच, बंद पडलेल्या हापशाच्या ओट्यावरसुद्धा तेच. मोटारसायकलवरून जाताना मी ते वाचायचो आणि एकटाच हसायचो. एवढा रंग लावायला परवडतं म्हणजे आपल्या जिल्ह्यात बुडं तरी किती दुखत असतील, असं माझं म्हणणं. पुढं माझंच दुखायला लागलं आणि त्याच मोटारसायकलवर मी एका कुल्ल्यावर बसून ती अक्षरं वाचत जायला लागलो. तेव्हा मात्र हसू आलं नाही.

हे मी आता हसून सांगतोय, कारण माझं दुखणं हसण्यासारखंच होतं. पण आधीच सांगून टाकतो. त्या दुष्काळात आमच्या घरात दोन माणसांचं रक्त जात होतं. माझं जात होतं ते घराला, शेजाराला, छावणीतल्या जनावरांच्या मालकांनासुद्धा ठाऊक होतं. बायकोचं जात होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि जीव जायची पाळी आली ती तिच्यावर. मी शेजारीच होतो. कण्हत होतो.

मी आमच्या गावच्या दूध संस्थेचा सचिव. त्या साली ज्वारी गुडघ्याच्या वर गेली नाही, विहिरींच्या तळाला पोरं क्रिकेट खेळायला लागली, आणि दूध म्हणाल तर चहापुरतं राहिलं. मग संस्थेनं चारा छावणी चालवायला घेतली. माळावर बांबू रोवले, वर हिरवी जाळी ताणली आणि पंचक्रोशीतली जनावरं आणून बांधली. प्रत्येक जनावराच्या कानात बिल्ला, बिल्ल्यावर नंबर. मालक लोक तिथंच बाजा टाकून राहिले. छावणीचा सगळा कारभार अर्थातच सचिवाच्या गळ्यात. अध्यक्ष फोटोपुरते.

रोज सकाळी ढोरांचे डॉक्टर यायचे. मी त्यांच्याबरोबर दावणीनं फिरायचो आणि आम्ही दोघं शेण बघायचो. कुणाला वाटेल काय हे काम! पण शेण म्हणजे जनावराचा जबाब असतो. मुकं जनावर दुसरं काय सांगणार? पो पातळ पडला, घट्ट पडला, नुसते खडे पडले, शेंब आली, रक्त आलं, सगळं बघायचं. महिनाभरात मी इतका तयार झालो की डॉक्टरांच्या आधी बोलायचो. "या म्हशीला नुसता कडबा टाकू नका रे, हिरवं द्या. पेंड भिजवून द्या. पाण्याची एक बादली वाढवा, आतडी सुकली तिची." डॉक्टर म्हणायचे, "सचिव, माझी खुर्ची घ्या आता." मी फुगायचो.

आणि हा शेणाचा पंडित स्वतः काय करत होता? सकाळी चहा, दहाला चहा, टँकरवाला आला की चहा, टँकरवाला आला नाही म्हणून चहा. दुपारी वाळलेली भाकरी आणि ठेचा. अधूनमधून शेव. गालात कायम तंबाखू. पाणी? पाणी जनावरांचं होतं. भर छावणीत सचिवानं तांब्या तोंडाला लावला की पन्नास डोळे तांब्याकडं बघायचे. म्हणून मी गुळणी करण्यापुरतं घ्यायचो आणि वर सांगायचो, "मला तहान कमीच हाय."

दुसरी भानगड जागेची. घराला सरकारी अनुदानाचा संडास होता, पण त्यात ओतायला पाणी कुठलं? म्हणून आम्ही त्यात कडबा भरून ठेवला होता. गावातल्या निम्म्या संडासांत त्या वर्षी कडबाच होता. राहिला माळ. तर माळावरची झुडपं शेळ्यांनी बुडख्यापासून खाल्लेली, आडोसा म्हणून नाही. त्यातून मी सचिव. कुठं लांब जाऊन टेकलो की हाळी यायचीच. "ओ सचिव! टँकर आला का न्हाई अजून?" माणसानं अशा वेळी काय उत्तर द्यावं? उठायचो, नाडी बांधायचो, यायचो. कळ दाबून धरायचो. दोन-दोन दिवस दाबायचो आणि तिसऱ्या दिवशी असा जोर लावायचो की डोळ्यांपुढं काजवे चमकायचे.

एके दिवशी दगडावर लालभडक रक्त दिसलं. दुखलं खुपलं काही नाही, नुसतं रक्त. आयला! मी त्या दगडाकडं बघत तसाच बसून राहिलो. पाचशे जनावरांच्या शेणातलं रक्त मी बोटानं दाखवलं होतं, पण स्वतःचं बघून अक्कल बंद पडली. ठरवलं, कुणाला सांगायचं नाही. आपोआप आलंय, आपोआप जाईल.

गेलं नाही. वाढलं. पुढं पुढं एक मऊ गाठ बाहेर येऊन बसायला लागली, ती बोटानं आत ढकलावी लागायची, मग जळजळ आणि खाज. खुर्चीवर बसणं बंद झालं. मी उभ्यानं कागदावर सह्या करायचो, उभ्यानं जेवायचो. अध्यक्षांनी ते पाहिलं. तहसीलचे साहेब छावणी बघायला आले त्या दिवशी अध्यक्षांनी भाषणात सांगितलं, "आमचे सचिव सकाळपासून संध्याकाळपर्यंत बूड टेकत न्हाईत. मुक्या जनावरांसाठी एवढी तळमळ म्या बघितली न्हाई." टाळ्या पडल्या. मला शाल घातली, नारळ दिला आणि मानानं पुढच्या खुर्चीत बसवलं. लाकडी खुर्ची होती. साहेबांचं भाषण पाऊण तास चाललं. माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून लोकांना वाटलं, सचिवाला गहिवरून आलंय.

त्या पाऊण तासानंतर मी ठरवलं की आता इलाज करायचा. पण माणसांच्या डॉक्टरकडं जायची लाज. मग आमच्या डोक्यात आली ती युक्ती. सकाळी फिरता फिरता ढोरांच्या डॉक्टरांना म्हटलं, "साहेब, एका बैलाला शेणावाटे रक्त येतंय. लाल. खडा पडतो, जोर लावतो बिचारा."

"कुठला बैल? नंबर?"

आता नंबर कुठून आणू? समोर एक पांढरा बैल शांतपणे रवंथ करत उभा होता. त्याच्या कानातला नंबर सांगून टाकला. "एकशे सत्तेचाळीस."

डॉक्टर घाईत होते. म्हणाले, "कोठा घट्ट झाला असेल. आज पाव लिटर गोडेतेल पाजा, पाणी वाढवा. उद्या मी हात घालून बघतो."

हात घालून बघतो, हे माझ्या कानावरून गेलं. कानात बसलं ते गोडेतेल. बैलाला पाव लिटर तर आपल्याला किती? मी बैलाचं वजन धरलं, माझं धरलं, भागाकार केला, अडीच-तीन चमचे आले. एवढ्यानं काय होणार? म्हटलं मापात पाप कशाला, आणि चहाचा भरलेला पेला डोळे मिटून घशाखाली घातला. पुढचं सविस्तर सांगत नाही. त्या दुपारी मी छावणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत इतक्या वेळा पळालो की लोक विचारायला लागले, आग लागली का कुठं? आग लागलीच होती. आणि रक्त होतं तेवढंच होतं, उलट जास्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले आणि सरळ एकशे सत्तेचाळीसकडं गेले. खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा मोजा चढवला, त्याला तेल लावलं. मी मागं उभा. दोघांनी बैल दाबून धरला आणि डॉक्टरांनी कोपरापर्यंत हात घातला. बैलानं मान वळवली आणि थेट माझ्याकडं बघितलं. देवाशपथ सांगतो, माझ्याकडंच. मला त्याच्या डोळ्याला डोळा देता आला नाही.

तेवढ्यात त्याचा मालक ओरडत आला. मेंढरं विकून टाकून तो एवढा एकच बैल राखलेला म्हातारा होता, पोरापेक्षा जपायचा त्याला. "काय बे सचिवा! माज्या बैलाला काय झालंय? काल म्या सवता शेण काढलंय, ताटासारका पो पडला व्हता! कुणी सांगितलं बे तुला रगत येतंय म्हनून?"

"मला... तसं वाटलं."

"वाटलं? तुला वाटलं म्हनून त्याच्या ढुंगणात हात घालाय लावला व्हय रं? तुला वाटलं तर तुज्यात घाल की!"

सगळी दावण हसली. म्हातारा रागात बोलला, पण औषध त्यानं बरोबर सांगितलं होतं.

डॉक्टरांनी मोजा काढला, हात धुतले. एक तांब्याच पाणी होतं, त्यातच सावकाश धुतले. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "बैल ठणठणीत आहे. काल तेल कुणाला पाजलं?" मी खाली बघितलं. "किती दिवस होतंय?" म्हटलं, "दोन महिने." ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, "चला, बसा गाडीवर." तसंच मला मागं बसवून गेवराईला घेऊन निघाले. त्या रस्त्यावरच्या एकेका खड्ड्याची ओळख मला अजून आहे.

दवाखान्यात शिरलो आणि बघतो तर डॉक्टर म्हणजे बाई. चाळिशीच्या, चष्मा, आवाज ठणठणीत. मी तिथूनच मागं फिरत होतो. ढोरांच्या डॉक्टरांनी माझा सदरा धरला. "एकशे सत्तेचाळीसनं सहन केलं, तुम्हाला काय होतंय?"

बाईंनी तपासलं. मी भिंतीकडं तोंड करून कुशीवर पडलो होतो, गुडघे पोटाशी, आणि भिंतीवर टांगलेल्या कॅलेंडरमधली एकूणएक वार वाचून काढले. दोन मिनिटांत झालं. मग त्यांनी समोर बसवून, म्हणजे उभं करून, नीट समजावलं. तिथं आत रक्ताच्या शिरांच्या मऊ गाद्या सगळ्यांनाच असतात. पाणी कमी पडलं, पोट कडक राहिलं आणि माणूस रोज जोर लावत बसला की त्या फुगतात, खाली सरकतात, खरचटतात आणि रक्त गळतं. गर्भारपणात बायांच्याही फुगतात. पाप नाही, उष्णता नाही, कुणाची नजर नाही. कळ आली की लगेच जायचं, दाबून धरायची नाही. तिथं जाऊन फार वेळ बसायचं नाही, कुंथायचं नाही. पाणी भरपूर प्यायचं, पालेभाजी खायची, रात्री इसबगोल, पण पाण्याबरोबर, नाहीतर उलटं होईल. तंबाखू, चहा, ठेचा आवरा. आणि सकाळ-संध्याकाळ टोपात कोमट पाणी घेऊन त्यात दहा-पंधरा मिनिटं बसा.

"भिंतीवरची नावं बघून कुणाकडं इंजेक्शन टोचून घ्यायला जाऊ नका," त्या म्हणाल्या. "तिकडनं जखमा घेऊन लोक माझ्याकडं येतात. सहा आठवडे हे करा. नाही थांबलं तर रबराची बारीक रिंग बसवू, तेही साधं असतं. आणि घरात दुसऱ्या कुणाला रक्त जात असेल तर घेऊन या. रक्त आलं म्हणजे मूळव्याधच, असं घरी बसून ठरवायचं नसतं. बघावं लागतं."

घरात दुसऱ्या कुणाला! मी म्हटलं, "न्हाई न्हाई, आमच्या घरात मी एकटाच."

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे बैल सोडून, तेल सोडून. तिनं पदर तोंडाला लावून ऐकून घेतलं. मग विचारलं, "डॉक्टर कोन व्हते? बाया-बापड्यांना बघत्यात का?"

आता बघा माणसाची अक्कल. बाईनं मला तिथं तपासलं, हे बायकोला कसं सांगायचं? पुरुषाच्या इज्जतीचा प्रश्न. मी छाती काढून सांगितलं, "पुरुष हाय. लई कडक मानूस. मिशा अशा!" आणि बोटांनी मिशा दाखवल्या. ती "बरं" म्हणाली आणि भाकरी थापायला गेली. तिनं का विचारलं असेल, हा प्रश्न या टाळक्यात आला नाही.

दुसऱ्या दिवसापासून माझा उपचार सुरू झाला. उपचार कसला, राज्याभिषेक. टँकर दोन दिवसांआड यायचा, विहिरीत ओतायचा, आणि बायका पोहरे टाकून शेंदून घ्यायच्या. घरात मी, बायको आणि दोन पोरी. त्या मोजक्या पाण्यातली एक बादली सकाळी, एक बादली संध्याकाळी माझ्या बुडाखाली जायला लागली. कडबा काढून संडासाची खोली मोकळी केली, तिथं टोप ठेवला. बायको पाणी तापवून आणायची, कोपर बुडवून कोमट झालं का बघायची, आणि मग महाराज टोपात विराजमान व्हायचे. "अगं थंड हाय!" "अगं लई गरम झालं!" "आई गं, मेलो!" माझं कण्हणं तीन घरं ओलांडून जायचं. शेजारीण विचारायची, "सचिव बसले वाटतं?"

पालेभाजी कुठून आणणार? सगळ्या शिवारात हिरवं होतं ते फक्त छावणीत. जनावरांसाठी ट्रकनं लसूणघास यायचा. बायकोनं त्याचे कोवळे शेंडे खुडून लसणाची फोडणी देऊन भाजी केली. बरी लागायची. छावण्या चालवणाऱ्यांवर चारा खाल्ल्याचे आरोप सगळीकडंच होत होते, पण मिठाबरोबर, भाकरीला लावून, खरोखर चारा खाल्लेला सचिव तेवढा मीच.

वर तिनं लिंबागणेशच्या गणपतीला नवस बोलला. नवऱ्याला आराम पडू दे, पाच चतुर्थ्या निर्जळी करीन. मी म्हटलं, "अगं, त्या देवाला असलं काय सांगतीस? कुठं दुखतंय ते सांगितलं का?" ती म्हणाली, "देवाला काय लपून हाय?" आणि तसल्या उन्हात ती चतुर्थीला दिवसभर पाण्याचा थेंब न घेता राहायला लागली. मी पाण्यात बसायचो.

आता वळून बघितलं की सगळं दिसतं. तिचे ओठ पांढरेफटक झाले होते. बांगड्या कोपराकडं सरकायच्या. विहिरीवरनं घागर आणताना ती दोन ठिकाणी टेकायची. चुलीच्या कडेची भाजलेली माती फोडून तोंडात टाकायची. मी बघितलं की ओरडायचो, "या वयात डोहाळे लागले काय गं तुला?" आरोग्य खात्याच्या आशाताई एकदा तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघून रक्तवाढीच्या गोळ्या देऊन गेल्या. आठ दिवस घेतल्या आणि सोडल्या. "पोट दगडासारकं व्हतंय," म्हणाली. मी म्हटलं, "औषध गिळायला बी आळस!" लोहाच्या गोळ्यांनी पोट कडक होतं आणि तिचं दुखणं त्यानं जास्त चिघळत होतं, हे मला कोण सांगणार? मी विचारलं तरी कुणाला? पाणी प्यायला सांगितलं तर म्हणायची, "मला तहानच लागत न्हाई." तेच वाक्य मी छावणीत बोलत होतो, लबाडी करत. तरी तिच्या तोंडून आलं तेव्हा मी शहाण्यानं ते खरं मानलं.

पाचव्या आठवड्यात मला आराम पडला. रक्त थांबलं, गाठ आत बसली, मी खुर्चीवर बसून सह्या केल्या. छावणीत चहा पाजला सगळ्यांना. बैलवाल्या म्हाताऱ्यानं चहाची बशी तोंडाला लावता लावता विचारलं, "आता बैलाची तब्येत कशी हाय म्हनायची?" मी म्हटलं, "लई चांगली." त्या दिवशी मी जगातला सगळ्यात सुखी माणूस होतो.

त्याच संध्याकाळी बायको पाणी घेऊन आली. आराम पडला होता, तरी मला टोपाची सवय लागली होती. माझ्या देखत तिनं बादली खाली ठेवली, भिंतीला हात लावला आणि भिंतीवरनं घसरत खाली बसली. "अंधार आला," एवढंच म्हणाली. बादली कलंडली. मला लाज वाटते सांगायला, पण मी आधी बादली धरली.

मग तिच्याकडं बघितलं. चेहरा पांढऱ्या मातीसारखा. लुगड्याला मागून रक्ताचा डाग. काय आहे ते कळायला मला डॉक्टर लागला नाही.

छावणीची जीप मागवली आणि तिला गेवराईला नेलं. रस्ताभर ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती, आणि दर खड्ड्याला तिचा हात माझ्या मनगटावर घट्ट व्हायचा. तोंडातून आवाज नाही.

दवाखान्याचं दार ढकललं. बाई टेबलामागनं उठून आल्या. बायकोनं डोळे उघडून त्यांच्याकडं बघितलं, मग इकडं तिकडं बघितलं.

"डॉक्टर कुठं हायत?" तिनं मला विचारलं.

"मीच डॉक्टर," बाई म्हणाल्या. "तुमच्या मालकांनाही मीच तपासलंय."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. चिडून बघितलं असतं तर बरं झालं असतं. तिच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी यायला लागलं. "बाई हायत व्हय," ती म्हणाली. "मला काय ठावं. मिशावाले म्हनले तुमी. न्हाईतर म्या कवाच आले नसते का?"

मी तिथं मेलो असतो तर बरं झालं असतं, असं मला त्या वेळी वाटलं आणि आजही वाटतं. बायकोला एक खरं वाक्य सांगायचं होतं. डॉक्टर बाई आहे, बस्स. पाच आठवडे मी ते वाक्य मिशांखाली दडवून ठेवलं, कशासाठी, तर माझ्या बुडाची इज्जत जाऊ नये म्हणून. त्या पाच आठवड्यांत तिच्या अंगातलं होतं नव्हतं ते रक्त गळून गेलं.

बाईंनी तिला आत नेऊन तपासलं. बाहेर येऊन माझ्यावर आवाज न चढवता बोलल्या, तेच जास्त लागलं. मूळव्याधच आहे, पण जुनी. अंगात रक्त एवढं कमी की हिनं चालत पाणी कसं आणलं हेच नवल. आधी रक्त चढवावं लागेल, मग रिंग बसवू. "ताबडतोब बीडला न्या. आजची रात्र निघेल की नाही अशी अवस्था आहे हिची," त्या म्हणाल्या आणि स्वतः फोन लावला.

बीडच्या दवाखान्यात तीन पिशव्या रक्त चढलं. एक माझं गेलं बदल्यात. तीन दिवस ती बरी होते का नाही, हे कुणी खात्रीनं सांगत नव्हतं. मी खाटेशेजारी फरशीवर बसून राहिलो. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक नर्सला विचारायचो, आणि ती म्हणायची, "बसा हो, बघतोय आम्ही." तिसऱ्या दिवशी दुपारी तिच्या ओठांवर रंग आला. डॉक्टर म्हणाले, आता धोका टळला. मी कोपऱ्यात जाऊन लहान पोरासारखा रडलो.

मग तिच्याजवळ येऊन विचारलं, "कवापासून हाय गं हे?"

"धाकटीच्या बाळंतपणापासनं."

धाकटी तेव्हा चौथीत होती.

"आन् बोलली कावून न्हाईस?"

"काय बोलायचं? मला वाटायचं, असलं बायालाच व्हतंय. आपल्याच नशिबी हाय. तुमी त्या दिशी येऊन सांगितलं, तवा कळलं की याला नाव हाय. औषद हाय." मग म्हणाली, "अन् खरं सांगू का? तुमी टोपात बसून कण्हायचे ना, तवा मला लई बरं वाटायचं. म्या भायेर उभी राहून तुमच्यासंगं मनातल्या मनात कण्हून घ्यायचे. तेवढाच हलका व्हायचा जीव."

मी तिचा हात धरला. सुई टोचलेला हात होता, तिला दुखलं असणार, पण तिनं सोडवून घेतला नाही.

थोड्या वेळानं कळ आली तिला. कपाळावर आठ्या पडल्या, पायांची बोटं आखडली, दात ओठात रुतले. मी वाकून म्हटलं, "अगं, कण्ह की मोठ्यानं. कुनाची भीती हाय आता?"

तिनं डोळ्यांनीच वॉर्ड दाखवला.

"गप बसा," ती म्हणाली. "लोकं हायत." आणि पदराचं टोक दातात धरून भिंतीकडं वळली.